हेमसकन : घर शोधत आलेला गुन्हा

स्कॉटलंडच्या जुन्या फौजदारी कायद्यात एक शब्द आहे, हेमसकन. एखाद्या माणसाला मारण्याचा इरादा मनात धरून त्याच्या राहत्या घरी जायचं आणि तिथेच त्याच्यावर हात टाकायचा, या गुन्ह्याचं हे नाव. घरातून काही चोरीला जायला हवं, असं नाही. कुलूप तुटायला हवं, असंही नाही. रात्र असो वा भरदुपार, फरक पडत नाही. माणूस त्याच्या घरात होता, तुम्ही त्याला शोधत तिथे गेलात आणि मारलंत, एवढं झालं की गुन्हा पूर्ण झाला. या गुन्ह्याला स्कॉटलंडमध्ये एके काळी फाशीची शिक्षा होती.

शब्दकोश चाळत बसण्याची सवय मला फार जुनी. एका शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाताना हा शब्द भेटला आणि मी थबकलो. बाजारात मारलं तर ती मारहाण, शेताच्या बांधावर मारलं तरी मारहाण; पण घरात जाऊन मारलं तर त्याला नावच वेगळं. असं वेगळं नाव देण्याची गरज एखाद्या समाजाला का वाटली असेल, हा प्रश्न डोक्यात बसला. त्याचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. इंग्रजीत ज्याला 'होम' म्हणतात त्याला स्कॉट लोक 'हेम' म्हणतात, म्हणजे घर. 'सकन' हे शोधणं या अर्थाच्या जुन्या धातूपासून आलं आहे. जुन्या इंग्रजीत हाच शब्द 'हामसोकन' असा होता. म्हणजे शब्दशः अर्थ झाला 'घर शोधणं', कुणाला तरी हुडकत त्याच्या घरापर्यंत जाणं. शब्दात मारणं नाही, रक्त नाही, हत्यार नाही. फक्त शोधत येणं आहे. गुन्ह्याचं सगळं विष त्या शोधत येण्यातच आहे, असं तो शब्द घडवणाऱ्यांना वाटलं असावं.

तो मुळात एकट्या स्कॉटलंडचा नाही. इंग्लंडचा राजा एडमंड याने 939 ते 946 या काळात राज्य केलं. त्याच्या कायद्यात हा गुन्हा आहे. जो तो करील त्याने आपली सगळी मालमत्ता गमवावी, आणि त्याचा जीव ठेवायचा की नाही हे राजाने ठरवावं, असं तिथे सांगितलं आहे. पुढे अकराव्या शतकात राजा कनूट याने जे गुन्हे खास राजाच्या अखत्यारीत ठेवले, त्यांतही तो आहे. पहिल्या हेन्रीच्या काळातल्या लॅटिन कायदेग्रंथातही त्याचा खुलासा सापडतो. त्यानंतर मात्र इंग्लंडमध्ये हा शब्द हळूहळू मागे पडला. तिथल्या कायद्याचं लक्ष दुसऱ्या गुन्ह्याकडे वळलं. रात्रीच्या वेळी घर फोडून गंभीर गुन्हा करण्याच्या हेतूने आत शिरणं, म्हणजे त्यांची 'बर्ग्लरी'. तिच्यात महत्त्व आलं रात्रीला आणि फोडलेल्या दाराला. उत्तरेकडच्या स्कॉटलंडने मात्र जुना शब्द टाकला नाही. चौदाव्या शतकातल्या त्यांच्या कायदेसंग्रहात तो आहे, आणि पुढे शेकडो वर्षं तो तिथल्या न्यायालयांत ऐकू येत राहिला.

1797 मध्ये डेव्हिड ह्यूम नावाच्या कायदेपंडिताने स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यावर मोठा भाष्यग्रंथ प्रसिद्ध केला. हा प्रसिद्ध तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा पुतण्या. काकाचं आणि पुतण्याचं नाव एकच, त्यामुळे घोटाळा होतो. या पुतण्याच्या ग्रंथाला स्कॉटलंडच्या न्यायालयात आजही मान आहे. त्याने हेमसकनच्या अटी बारकाईने मांडल्या. त्या अटी वाचताना कायद्याचं कलम वाचतो आहोत असं वाटत नाही. घर म्हणजे काय, यावरचं चिंतन वाचतो आहोत असं वाटतं.

पहिली अट अशी की ज्याच्यावर हल्ला झाला त्याचं ते स्वतःचं राहतं घर असलं पाहिजे. मालकीचं असण्याची गरज नाही. भाड्याचं चालेल, झोपडी चालेल. पण तो त्या घरी पाहुणा म्हणून आलेला असेल, किंवा प्रवासात एका रात्रीपुरता सराईत उतरला असेल, तर त्याच्यावरचा हल्ला हेमसकन ठरत नाही. नुसतं दुकान असेल आणि तिथे कुणी राहत नसेल, तर तेही चालत नाही. मात्र घर फक्त कुटुंबप्रमुखाचं नव्हे. बायको, मुलं, घरात राहणारे नोकरचाकर या सगळ्यांचं ते घर आहे, आणि प्रत्येकाला त्याचं संरक्षण आहे. सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे कायदा विचारत नाही. तुम्ही रात्री पाठ कुठे टेकता, एवढंच तो विचारतो.

दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. मारण्याचा इरादा घरात शिरण्याआधीच मनात असला पाहिजे. एखादा माणूस भल्या कामासाठी शेजाऱ्याच्या घरी गेला, बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला, हातघाई झाली, तर ती मारहाण आहेच आणि तिची शिक्षाही आहे. पण ते हेमसकन नव्हे. तो आला तेव्हा शेजारी म्हणून आला होता. हेमसकन करणारा उंबऱ्यावर पाऊल ठेवतो तेव्हाच त्याच्या मनात काय आहे, हे ठरलेलं असतं.

या अटींमागचं म्हणणं मला असं दिसतं. बाहेर असताना माणूस सावध असतो. बाजारात, रस्त्यावर, सभेत त्याचे कान टवकारलेले असतात. घरात आला की तो चपला काढतो, सदरा काढतो, पोरांना मांडीवर घेतो, जेवायला बसतो, झोपतो. अंगावरची सावधगिरी काढून ठेवण्याची ही एकच जागा त्याच्याकडे असते. तिथेच हल्ला झाला तर पळून जायचं कुठे? माणूस संकटात पळून ज्या ठिकाणी येतो, तेच ठिकाण संकटाने गाठलेलं असतं. घाव भरतो, पण त्या घरात पुन्हा गाढ झोप लागत नाही. ज्यांनी दंगली पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. चौकात उसळलेल्या गर्दीत सापडणं वेगळं, आणि दारावरची पाटी वाचत, नाव शोधत आलेला जमाव वेगळा. त्या दुसऱ्या अनुभवातून गेलेली माणसं वर्षांनंतरही कडी वाजली की आधी एकमेकांकडे बघतात. आपल्याकडे त्या शोधत येण्याला शब्द नाही. स्कॉटलंडच्या लोकांकडे होता.

या शब्दाची भावंडं इतर भाषांत आहेत, आणि त्यांची कथा मजेशीर आहे. आइसलँडच्या भाषेत 'हेइमसोकन' हाच शब्द आज साध्या भेटीसाठी वापरतात. मावशीकडे गेलो, मित्राकडे चहाला गेलो, की झालं 'हेइमसोकन'. जर्मन भाषेत 'हाइमझूखुंग' म्हणजे कोसळलेलं संकट, आपत्ती. पण त्याच शब्दाने ख्रिस्ती परंपरेतला एक पवित्र प्रसंगही ओळखला जातो. येशूच्या वेळी गरोदर असलेली मेरी, म्हणजे आपण जिला हजरत मरियम म्हणतो ती, आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला तिच्या घरी जाते, त्या भेटीचं हे नाव. एकाच मुळापासून एकीकडे पाहुणचार निघाला, एकीकडे आपत्ती, आणि स्कॉटलंडमध्ये फाशीचा गुन्हा. घर शोधत येणं ही कृती तीच. ती कसली ठरणार, ते येणाऱ्याच्या मनावर अवलंबून.

हे वाचताना मला कुरआनच्या सूरह नूरमधला घरात शिरण्याबाबतचा आदेश आठवल्याशिवाय राहिला नाही. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा असं सांगितलं तर निमूट परत जा, असा त्याचा आशय आहे. याच सूरहमध्ये पुढे घरातल्या मुलांनी आणि नोकरांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेऊनच खोलीत यावं, असं सांगितलं आहे. हदीसमध्ये तीनदा परवानगी मागावी आणि मिळाली नाही तर परतावं, अशी शिकवण आहे. आमच्याकडे दाराला पडदा असायचा. त्याच्या अलीकडे थांबून खाकरायचं, सलाम म्हणायचा आणि आतून आवाज येईपर्यंत उभं राहायचं, हे लहानपणी अंगवळणी पडलेलं. ती नुसती रीतभात आहे असं तेव्हा वाटे. आता वाटतं, सलाम म्हणजे उंबऱ्याबाहेर उभं राहून आपल्या मनात काय आहे ते सांगणं. तुमच्यावर शांती असो, म्हणजे मी तुम्हाला त्रास द्यायला आलेलो नाही. स्कॉट कायदा ज्या क्षणाची तपासणी गुन्हा घडून गेल्यावर करतो, त्याच क्षणी ही शिकवण माणसाला आधीच थांबवते.

आपल्या मराठीत घरावरच्या गुन्ह्याला शब्द आहेत. घरफोडी आहे, दरोडा आहे. पण ते मालमत्तेकडे बघतात. घरफोडीच्या बातमीत किती तोळे गेले आणि रोकड किती गेली हे पहिल्या ओळीत असतं. घरात घुसून माणसाला मारलं, तर ते सांगायला आपल्याला पूर्ण वाक्य लागतं. कायद्यात तरतूद नाही असं नाही. भारतीय दंड संहितेचं 452 वं कलम दुखापत करण्याच्या तयारीनिशी केलेल्या गृह-अतिक्रमणासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगत होतं. आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 333 व्या कलमात आहे. पण 'गृह-अतिक्रमण' हा शब्द वकिलाच्या कागदावरून खाली उतरून कधी लोकांच्या तोंडी आला नाही.

तोंडी आलं ते दुसरंच. 'घरात घुसून मारू.' गल्लीतला दादा हे म्हणतो, सिनेमातला नायक म्हणतो, सभेतला वक्ता म्हणतो आणि समोरून टाळ्या पडतात. शत्रूबद्दल बोललं जातं, मग विरोधकाबद्दल, मग शेजारच्या मोहल्ल्याबद्दल. स्कॉटलंडच्या जुन्या न्यायालयात या तीन शब्दांचं भाषांतर करायचं ठरलं असतं, तर एकच शब्द पुरला असता, आणि तो उच्चारणाऱ्याचा इरादा आधीपासूनच ठरलेला होता, हे सिद्ध करायला वेगळा पुरावाही लागला नसता. एका समाजाने ज्याला सर्वांत हीन गुन्ह्यांत धरलं, त्याची दुसऱ्या समाजाने मर्दुमकीची भाषा करावी, याचं मला वाईट वाटतं.

पण स्कॉटलंडला डोक्यावर घेण्याचंही कारण नाही. या शब्दाला दोन गोष्टी दिसल्या नाहीत, आणि त्या दोन्ही मोठ्या होत्या.

पहिली, कागद घेऊन आलेला माणूस. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी कुळांना उठवायला सुरुवात केली. माणसांपेक्षा मेंढ्यांचं भाडं जास्त येत होतं. सदरलंड इस्टेटीतल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात 1814 च्या जूनमध्ये पॅट्रिक सेलर हा इस्टेटीचा कारभारी कुळांना हुसकावण्यासाठी आला. त्याच्याकडे न्यायालयाचे हुकूम होते. घरं पाडली गेली, छपरांची लाकडं पेटवली गेली. बॅडिनलॉस्किन इथल्या एका घरात मार्गारेट मॅके नावाची नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. तिला बाहेर काढलं गेलं तेव्हा घर पेटत होतं. काही दिवसांतच ती वारली. सेलरवर सदोष मनुष्यवधाचा आणि आग लावल्याचा खटला झाला. एप्रिल 1816 मध्ये इन्व्हर्नेसच्या न्यायालयात ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. ज्यूरीत मोठा भरणा जमीनदारांचा होता. ज्या शेरीफने तक्रारीची चौकशी करून त्याला अटक केली होती, त्यालाच पद सोडावं लागलं आणि पुढे सेलरला माफीचं पत्र लिहून द्यावं लागलं. मोकळी झालेली जमीन सेलरने स्वतः मेंढ्यांसाठी खंडाने घेतली होती.

ह्यूमचा ग्रंथ येऊन तेव्हा 20 वर्षंही झाली नव्हती. घराला इतकं पवित्र मानणारा शब्द त्या देशाच्या कायद्यात जिवंत होता. पण तो शब्द रागाने पेटून आलेल्या शेजाऱ्यासाठी होता. हुकूमनामा हातात घेऊन, थंड डोक्याने, तारीख ठरवून आलेल्या कारभाऱ्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. कुळाचं घर त्याचं राहतं घर होतं, शोधत येणंही होतं, इरादाही आधीचाच होता. फक्त येणाऱ्यापाशी कागद होता. आपल्याकडेही आरोपीचं घर म्हणून बुलडोझर चालवला जातो, तेव्हा कागदच दाखवला जातो. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोप आहे वा शिक्षा झाली आहे एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, आणि पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस हवी, असं सांगितलं. एकाच्या गुन्ह्यासाठी घरातल्या बाकीच्यांचं छप्पर का काढायचं, हाच त्यामागचा प्रश्न आहे. घर सगळ्यांचं असतं, हे हेमसकनला शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

दुसरी न दिसलेली गोष्ट म्हणजे आधीपासून घरातच असलेला माणूस. हेमसकन होण्यासाठी कुणीतरी बाहेरून यावं लागतं. नवऱ्याने बायकोला त्याच घरात मारलं, तर तो कुठून शोधत आला? तो तर घरचाच. घराच्या पावित्र्यावर इतकं बारीक लिहिणाऱ्या ह्यूमनेच, नवरा आपल्या बायकोवर स्वतः बलात्कार करू शकत नाही, म्हणजे कायद्याने तो गुन्हा होत नाही, असंही लिहून ठेवलं. ते मत स्कॉटलंडच्या न्यायालयाने पुसून टाकलं ते 1989 मध्ये. त्याआधी 1981 च्या कायद्याने, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथे राहण्याचा हक्क दिला आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा हुकूम मागण्याची सोय केली. घरातल्या छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा 2018 चा. तो 1 एप्रिल 2019 पासून लागू झाला. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 मध्ये आला. त्याच्या 17 व्या कलमाने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर असो वा नसो.

आमच्या नात्यातली एक खाला होती. तिला नवऱ्याने दोन लेकरांसह रात्री दाराबाहेर काढलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या शहाण्या माणसांनी 'मियां-बिवीचा मामला आहे' म्हणून आपापली दारं लावून घेतली. बाहेरचा कुणी तिच्या अंगावर धावून आला असता, तर हीच माणसं काठ्या घेऊन निघाली असती, याबद्दल मला शंका नाही. त्या घरात तिने 11 वर्षं चूल पेटवली होती. पण ते 'त्याचं' घर होतं. खालाने पुढे शिवणकाम करून मुलं मोठी केली. हक्काचं घर हा विषय निघाला की ती हसून म्हणायची, "बाबा, माझं घर माझ्या मशीनच्या पेटीत आहे." त्या हसण्यात काय होतं, हे समजायला मला 2005 चा कायदा वाचावा लागला.

म्हणून मला वाटतं, अन्यायाला नाव असणं फार मोलाचं आहे, पण ते पुरेसं नाही. नाव दिल्याने तो अन्याय दिसू लागतो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी म्हटलं, घरात जाऊन मारणं हे साधं मारणं नव्हे, त्याला वेगळा शब्द हवा. हे मोठं शहाणपण होतं. पण शब्दाची मर्यादा आखली जाते तेव्हा कुणाचं तरी घर त्या मर्यादेबाहेर राहतं. स्कॉटलंडमध्ये कुळांचं राहिलं, बायकांचं राहिलं. 1886 च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या लहान कुळांना जमिनीवर राहण्याची शाश्वती मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1887 च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने हेमसकनची फाशी गेली. शब्दाचा दरारा संपला आणि जे त्याच्या सावलीत कधी आलेच नव्हते त्यांना हक्क मिळाला, हे दोन्ही लागोपाठच्या वर्षांत घडलं. आज तिथे हेमसकनचा खटला क्वचितच ऐकू येतो. माणसाला त्याच्या घरात मारणं ही गुन्ह्याची गंभीर बाजू म्हणून मोजली जाते, पण जुन्या नावाशिवाय.

आपल्या भाषेत असा शब्द नव्याने घडवावा, असं मी म्हणणार नाही. शब्द समित्यांनी घडवून रुजत नाहीत. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. 'घरात घुसून' या शब्दांवर कुणी टाळ्या मागितल्या तर त्या न देणं, मग बोलणारा आपल्या बाजूचा असो वा समोरच्या. आणि शेजारच्या भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, तर ते त्याचं घर आहे असं म्हणून दार लावून न घेणं. ते तिचंही घर आहे. स्कॉट कायद्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला होता, रात्री पाठ कुठे टेकता? तो प्रश्न सगळ्यांसाठी विचारायचं काम मात्र त्यांच्याकडे आणि आपल्याकडे अजून चालूच आहे.